पहिल्या बाकावरचे मास्तर

“अर्धोच भर गो बाय. बोट हलता.”

असं म्हणत आमचे मास्तर शिकणाऱ्या मुलीच्या हातातल्या किटलीवर आपला तळहात आडवा धरायचे. आमचा वर्ग मालवणच्या बाजारात, एका दुकानाच्या माडीवर भरायचा. तिथे पंख्याखेरीज काहीच हलत नव्हतं. पण त्यांची उमर जहाजांवरच्या स्वयंपाकघरांत गेली होती, आणि जहाजावर कप काठोकाठ भरत नाहीत. टेबलावर कापड अंथरलं की त्यावर पाण्याचा हबका मारायचा, कारण ओल्या कापडावरून बशा घसरत नाहीत. तारकर्लीच्या बाजूला तुम्ही कुणाच्या घरी पाहुणे म्हणून उतरला असाल आणि ओलसर टेबलावर अर्धा कप चहा आला असेल, तर घरमालकिणीला नावं ठेवू नका. कामाला ठेवलेली मुलगी आमच्याकडे शिकलेली असणार.

तक्रारी यायच्या. एक बाई फोनवर म्हणाली, “सर, तुमची चेडवां पावण्यांका अर्धीच चाय देतत. लोक म्हणतत, मालवणकार चिकट!” मी ते त्यांच्या कानावर घातलं. “खरां आसा,” ते म्हणाले. “जमीन हलणा नाय, ह्यां मी इसारतंय.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तळहात किटलीवर.

मी त्या प्रशिक्षण केंद्राचा व्यवस्थापक. मासे कमी झाले, पर्यटक वाढले, म्हणून किनाऱ्यावरच्या मुलामुलींना हॉटेलातलं काम शिकवायची ती सरकारी योजना. माझी नोकरी कायमची, पेन्शनसकट. ते मानधनावर. मुलं त्यांना अंकल म्हणायची. प्रत्येक कंत्राट जहाज किनाऱ्याला लागलं की संपायचं, त्यामुळे म्हातारपणासाठी मागे काही उरलं नव्हतं. शिकवायचं त्यांनी आणि पेन्शन मला, हे मला रोज टोचायचं.

मग नियम आला. शिकवणाऱ्याकडे त्याच कामाचं प्रमाणपत्र हवं. ते असेल तर पक्का पगार आणि पीएफसुद्धा. नसेल तर वर्गात उभं राहायचं नाही. मी सांगायला गेलो तेव्हा ते कांदा चिरत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “कोण मेलो काय?”

“नाही, पण...”

“मगे असां तोंड कित्याक? पाप सांगूची पेटी इगर्जीत आसा, सायबांनु. हय फकत कांद्यांची पेटी.”

चर्चमध्ये पाप कबूल करायला आल्यासारखा उभा राहून मी नियम सांगितला, आणि मला सुचलेला मार्गही. तीन महिने त्यांनी स्वतःच विद्यार्थी म्हणून बसायचं, परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र घेऊन परत यायचं. तोवर मानधन बंद. “बायलेची शिवणाची मशीन आसा,” ते म्हणाले. “तीन म्हयने काडूया.”

तेवढ्यापुरतं शिकवायला आम्ही एक मुलगी नेमली. सावंतवाडीकडच्या गावातली, भात आणि काजू पिकवणाऱ्या घरातली. अंकलांचीच विद्यार्थिनी, पुढे शिक्षकांचा अभ्यासक्रमही केलेली. वर्गात कोण बसणार हे कळल्यावर तिला रडूच फुटलं. “मी अंकलांका शिकवू? माका जमाचा नाय.”

अंकल तिला म्हणाले, “तू शिकयलंस नाय तर माका सर्टिफिकेट कोण देतलो?”

पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पहिल्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावेनात. मुलगी पुस्तकी मराठीत, खाली बघत शिकवत होती. “चहाचा कप... पाऊण भरायचा असतो.” आणि ती थांबली. वर्ग अंकलांकडे बघू लागला.

त्यांनी हात वर केला. “मॅडम, बोट हलली तर?”

मुलं फिदीफिदी हसली. ती लालबुंद झाली, आणि मग तिचीही मान वर आली. “अंकल, बोट धक्क्याक लागली आसा!”

“मगे पाऊण,” ते म्हणाले आणि गुडघे आवरून बसले.

त्या दिवसानंतर ती घाबरली नाही.

तिचा पहिला पगार झाला तेव्हा मधल्या सुट्टीत ती त्यांच्याकडे कुरकुर करत होती. “अंकल, पैसे कापल्यानी. पीएफ म्हणान. म्हातारपणाक. केंद्र पण आपले घालता म्हणे.”

“तू काल जन्माक इलंस, आणि म्हातारपण सुरू?” ते हसले. मग त्यांनी तिच्याकडून ते सगळं पुन्हा समजावून घेतलं, नवा पदार्थ शिकावा तसं. कोण किती घालतं, कधी मिळतं, नोकरी सुटली तर काय. मी दारात उभा होतो. मला वाटलं, त्यांना स्वतःसाठी जाणून घ्यायचं आहे.

परीक्षा टॅबवर, म्हणजे मोठ्या मोबाइलसारख्या पाटीवर होती. मुलांनी त्यांच्याकडून रोज सराव करून घेतला. ते काठावर का होईना, पास झाले. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या नेमणुकीचा कागद लगेच तयार केला. वाटलं, निदान एका माणसाचं माझ्या हातून बरं होतंय.

त्यांनी कागद वाचला. “आणि तां चेडू खंय जातलां?”

“तिचं तात्पुरतंच होतं. तिला माहीत आहे.”

“म्हायत आसा म्हणान दुखणा नाय?”

“पद एकच आहे, अंकल. मी वर लिहितो, आणखी एक मागतो.”

“लिवा. पण एका खुर्चेर दोघांचे कुल्ले रवणत नाय.” त्यांनी कागद सही न करताच माझ्याकडे सरकवला. “सायबांनु, माज्या म्हातारपणाक आता काय कापतलास? तां तर येवन बसलां. त्या चेडवाचां येवचां आसा.”

मी पुष्कळ समजावलं. पण खरं सांगतो, त्या दोघांपैकी कुणाला ठेवावं हे मला ठरवावं लागलं नाही, याचं मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

प्रमाणपत्रावर त्यांना विजयदुर्गला एका छोट्या खानावळीत काम मिळालं. राहायला खोली होती. पीएफ वगैरे काही नव्हतं. निघण्याच्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो. मुलगी आली नव्हती. वर्ग सोडून यायचं नाही, अशी त्यांनी तिला ताकीदच दिली होती. ते खिडकीशी बसले होते, शेजारी बायको, तिच्या पायाशी शिवणाची मशीन.

कंडक्टर आला. अंकलांनी खिशातून ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढून दाखवलं, सवलतीचं तिकीट घेतलं. गाडी सुटली, तसा त्यांनी ते तिकीट धरून हात खिडकीबाहेर काढला.

“बघा सायबांनु! सरकार माका पण देता!”

“ओ बाबानु, हात आत घेवा!” कंडक्टर ओरडला.

गाडी वळेपर्यंत तो हात बाहेरच होता.