फ्लॉपीच्या फटीतली साखर

दसऱ्याला लॅपटॉपची पूजा करताना आखाडा बाळापूरच्या घरातला आमचा पहिला कंप्युटर आठवतो. “चालत्याला काहून काढता?” म्हणत आईनं तो दोन वर्षं बदलू दिला नाही. शेवटी नवा आला. मेकॅनिकनं जुन्याची हार्डडिस्क काढायला डबा उघडला, तर आतून मुंग्यांची रांगच निघाली. “काकू, फ्लॉपीच्या फटीत साखर?” “दर दसऱ्याला टाकते. तोंड तेच हाय ना त्याचं? नैवेद्य दुसरीकडं कुठं दाखवू?” मेकॅनिकनं नव्याचं बटण दाबलं, सीडीचा ट्रे सरसर बाहेर आला आणि रुसलेल्या आईचा चेहरा एकदम फुलला. “अगं बाई, हा तर परसादाला सोताच हात पुढं करून राहिला!” माझ्या लॅपटॉपला ना फट, ना ट्रे. चिमूटभर साखर घेऊन मी त्याला चारी बाजूंनी न्याहाळतो आणि शेवटी त्याच्या वतीनं मीच खातो.