राजवाड्यातली बदली

विश्रांतवाडीच्या जैनबचा उभा जन्म दुसऱ्यांची लेकरं निजवण्यात गेला. आखातातल्या एका राजघराण्यात ती आया होती. तिथली धाकटी राजकन्या, शेखा रुदैना, तिच्याच मांडीवर वाढली. पुढे ती शिकली, आपल्या देशाची राजदूत झाली आणि आता जगभर फिरून माणसांच्या हक्कांवर बोलते. बोलते चांगलं, त्यात वाद नाही.

त्या घराची एक रीत होती. आयाला सुटायचं असेल तर तिने आधी आपल्याच घरातली बदली आणून द्यायची. परकं माणूस चालत नसे. तोवर पासपोर्ट कारभाऱ्याच्या कपाटात. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा जैनबनेही तेच केलं. नवरा वारल्यावर माहेरी आलेल्या मेहजबीनला, पोटच्या लेकीला, तिने तिकडे पाठवलं आणि स्वतः सुटून आली. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, असं तिने लेकीला सांगितलं होतं, आणि तेव्हा ते तिला स्वतःलाही खरं वाटत होतं. मेहजबीनची पोर त्या वेळी रांगत होती. आता ती शाळेत जाते आणि आजीलाच आई म्हणते.

म्हणून रुदैना पुण्यात भाषणाला येणार म्हटल्यावर जैनब हट्टालाच पेटली.

"मोठमोठ्या लोकांना भेटत नाही ती, तुला भेटेल?" नवऱ्याने, कादरने विचारलं.

"भेटेल. माझ्या हातचंच खायची ती."

"तेव्हा तिला दात नव्हते," कादर म्हणाला. पण रिक्षा त्यानेच बोलावून आणली.

भाषण घरकाम करणाऱ्या बायकांच्या हक्कांवर होतं. सभागृहाने मनापासून टाळ्या वाजवल्या. घरच्या बाईने एक खाडा केला तर ज्यांचा अख्खा दिवस नासतो, तीच ही माणसं. जैनब मागच्या खुर्चीत गुडघे चोळत बसली होती. तिला त्या टाळ्यांचाही शीण आला.

बाहेर पडताना रुदैनाने तिला लांबूनच ओळखलं. सुरक्षारक्षकांना बाजूला सारून ती आली, गळ्यात पडली आणि रडली. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर जैनबला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

"मेहजबीनला घरी पाठव, बाळ," जैनब अरबीत म्हणाली. "तिची पोर तिला विसरत चालली आहे."

"एवढंच ना? आजच आईला सांगते." रुदैनाने डोळे पुसले. "तिच्या जागी कोण येतंय?"

आपण काही वावगं विचारलं, असं रुदैनाच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. जैनबच्या घरात आता बाईमाणूस उरलं होतं कोण? ती एवढीशी पोर. आज नाही, पण ही रीत अशीच चालली तर उद्या तिचीही पाळी येणार. आत्ता व्यासपीठावर काय बोललीस, असं जैनबला विचारायचं होतं. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते तिने केव्हाच त्या राजवाड्यात खर्चून टाकलं होतं.

"मी येते," ती म्हणाली.

रुदैनाचा चेहरा उजळला. तिने जैनबचे दोन्ही हात हातात घेतले. "मला ठाऊकच होतं," ती म्हणाली, "तुला आमच्याशिवाय करमणार नाही."