दहा हजार फुटांच्या खाली

कोनगावात दाजींना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि दाजींनी ज्याला आपल्या मुलीविषयी सांगितलं नाही असा तर मुळीच नाही. त्यांचं खरं नाव रामनाथ. शेतं होती तिथे गोदामं उभी राहिली, भाताची कामं सुटली, आणि या गृहस्थांना दिवसभर करायला दोनच गोष्टी उरल्या: बोलणं आणि काळजी. दोन्हींचा विषय एकच, क्षितिजा. मी तिला भिवंडीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तेवढ्या ओळखीवर दाजी वेळीअवेळी माझ्याकडे येत. ती एका खासगी कंपनीत को-पायलट झाल्यापासून तर फारच. तिचं विमान सुटायच्या सुमाराला ते येऊन बसत, आणि ‘उतरले’ असा तिचा मेसेज येईपर्यंत माझ्या बायकोने, सरलाने दिलेला चहा तसाच गार होई. मी वैतागायचो. माणसाने इतकी काळजी करू नये, आणि करायचीच असेल तर स्वतःच्या घरी करावी.

२००९ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पुतण्याचं, हितेशचं लग्न ठरलं. कोनला लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, बेंजो, अख्खं गाव जेवायला, आणि अलीकडे तर भलामोठा पडदा लावून व्हिडिओ दाखवायची चढाओढ. दाजींनी महिनाभर आधीच जाहीर करून टाकलं की हळदीला क्षितिजाने पुढच्या काचेतून काढलेलं, विमान उतरतानाचं शूटिंग दाखवणार. मुलीला विचारलं नव्हतं. विचारलं ते आठवडाभर आधी, माझ्यासमोर.

“बाबा, नाही जमणार,” ती म्हणाली. “दहा हजार फुटांच्या खाली आलो की कामाशिवाय एक शब्द बोलायचा नसतो. चहा नाही, गप्पा नाहीत. फोन तर हातात धरायचाच नाही. नियम आहे.”

“अर्धा मिनिट गं, बाय. कुनाला दिसनार हाय तिथं?”

“दिसण्याचा प्रश्न नाही. तेवढ्या वेळात माझं लक्ष धावपट्टीवर हवं. मागे दीडशे माणसं बसलेली असतात.”

दाजी गप्प झाले. मला वाटलं, पटलं. गप्प बसलेल्या पोराला सगळं समजलंय असं धरून पुढे जायची मास्तरांची खोड माझीही गेलेली नाही.

हळदीला क्षितिजा नव्हती, तिची ड्युटी होती. पडदा मात्र उजळला आणि त्यावर धावपट्टीचे दिवे झरझर जवळ येऊ लागले. शूटिंगवाल्या रघूने सायबर कॅफेत बसून कुठल्यातरी परक्या वैमानिकाची क्लिप उतरवून आणली होती, हे मला मागाहून कळलं. पण ती क्षितिजाची नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. दाजींनी माइक घेतला. “ही माझे पोरीनं काढलेली हाय! विमान चालवता चालवता!” गावाने शिट्ट्या मारल्या. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तेच भाषण, तीच क्लिप गावच्या केबलवर लागली, खाली ‘कोनची कन्या’ म्हणून क्षितिजाचं नाव. कोणीतरी ते उतरवून कंपनीला पाठवलं. हौसेने की आकसाने, देव जाणे.

पुढच्या पंधरवड्यात एका सकाळी दाजी आले ते खुर्चीत बसेनात. “सर, पोर चार दिस घरान बसलीय. सुट्टी हाय बोलते. पन युनिफॉर्म घरी न्हाय आनला. जेवत न्हाय. तिचे आईशी पन धड बोलत न्हाय.” मग त्यांनी खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले. क्षितिजा आंघोळीला गेलेली असताना त्यांनी ते तिच्या पर्समधून घेतले होते. उलगडताना एक कागद खाली पडला.

पहिलं पत्र कंपनीचं होतं, इंग्रजीत. विमान उतरत असताना चित्रण केल्याचा आरोप, चौकशी संपेपर्यंत उड्डाण बंद. दोष सिद्ध झाल्यास नोकरी जाईल आणि प्रकरण लायसन्सपर्यंत नेलं जाईल. दोन प्रश्नांची लेखी उत्तरं मागितली होती. क्लिप तुमची आहे का? नसेल, तर तुमच्या वडिलांनी सगळ्या गावासमोर ती तुमची आहे असं का सांगितलं?

दुसरा कागद म्हणजे क्षितिजाच्या उत्तराची प्रत. पहिल्या प्रश्नाला तिने स्पष्ट लिहिलं होतं: ‘नाही. मी कॉकपिटमध्ये कधीही चित्रण केलेलं नाही.’ दुसऱ्याखाली एकच ओळ होती: ‘माझ्या वडिलांविषयी मला काही लिहायचं नाही.’

मी मराठीत सांगितलं. दाजींनी दोनदा सांगायला लावलं.

“म्हंजे तिनं माझं नाव न्हाय घेतलं?”

“नाही.”

“घेतलं असतं तर सुटली असती?”

मला खोटं बोलता आलं असतं. “बहुतेक सुटली असती,” मी म्हणालो.

दाजी फरशीवरच बसले. सरला पाणी घेऊन आली, ते त्यांनी घेतलं नाही. मला त्यांचा राग येत होता. चौकशीची तारीख परवाची होती.

“सर, लिवा,” ते म्हणाले.

मी कागद ओढला आणि सवयीने सभ्य इंग्रजी मजकूर तयार केला: समारंभाच्या उत्साहात माझ्याकडून गैरसमज पसरला, याबद्दल दिलगीर आहे. वाचून दाखवला.

“गैरसमज खोडा. मी खोटं बोल्लू. तसंच लिवा.”

“दाजी, अर्थ तोच होतो.”

“न्हाय होत.”

मी खोडलं. त्यांनी सही केली.

परवाच्या दिवशी मी, दाजी आणि हळदीला लावलेल्या क्लिपची सीडी घेऊन रघू, असे तिघे मुंबईला गेलो. रस्ताभर दाजी बोलले नाहीत. मला तर त्यांच्या बडबडीची आठवण येऊ लागली. कंपनीच्या ऑफिसात तासभर बसवून ठेवलं. आत बोलावलं तेव्हा क्षितिजा टेबलासमोर उभी होती. बापाला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“बाबा, तुम्ही कशाला आलात?”

चौकशी करणाऱ्या साहेबांनी रघूची सीडी लावून बघितली, मग पत्र वाचलं, मग परत वाचलं. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, पण आपल्या कामात चोख होते. “पत्र कोणीही लिहून आणू शकतं,” ते म्हणाले. “मुलीला वाचवायला बाप काहीही लिहील. क्षितिजा, हे तुम्ही सांगा. तुमच्या वडिलांनी त्या दिवशी जे सांगितलं ते काय होतं?”

क्षितिजा खाली बघत राहिली. मला वाटलं, ही नाही बोलणार. ही नोकरी घालवेल पण बोलणार नाही, आणि हे सगळं इथेच संपेल.

“बोल, बाय,” दाजी म्हणाले. आवाज अगदी लहान होता, त्यांचा वाटतच नव्हता. “मीच सांगतंय ना तुला. बोल.”

तिने मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शब्द स्वच्छ आले.

“माझे बाबा खोटं बोलले, सर.”

दाजींनी डोळे मिटून मान हलवली. साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं, “आता आरोप उरला नाही,” म्हणाले, आणि बापलेकीपुढे सहीसाठी कागद सरकवला.