कोपरा बघणारे खाचकाका

कुठलीही वस्तू हातात आली की खाचकाका आधी तिचा कोपरा बघत. फ्लॉपी असो, नाहीतर शेजारणीच्या मिक्सरचा प्लग असो. चष्मा कपाळावर चढवायचा, वस्तू नाकाशी न्यायची आणि अंगठ्याने खाच चाचपायची. मग निकाल. डोंबिवली पूर्वेला माझ्या डीटीपीच्या गाळ्याला लागूनच त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर त्यांचं खरं आडनाव होतं, पण ते वाचायचे कष्ट कोणी घेत नसे. पोस्टमनसुद्धा "खाचकाका आहेत का?" असंच विचारी.

"बसलं म्हणजे जुळलं असं नव्हे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोठ्या फ्लॉप्यांच्या काळात लोक कागदाला भोक पाडायच्या पंचने दुसरीकडे खाच पाडून फ्लॉपी दोन्ही बाजूंनी वापरत. मीही तो उद्योग केला आणि फुशारकीने काकांना दाखवायला गेले. "अगं, बनवणाऱ्याला काय अक्कल नव्हती?" एवढंच म्हणाले. दीड महिन्याने तिच्यावरची अख्खी लग्नपत्रिका गेली. मी ती पुन्हा टाइप करत बसले तेव्हा काकांनी चहा पाठवला, आणि मागोमाग "मी म्हटलं नव्हतं?" हे ऐकवायला स्वतः आले. माणूस फटकळ. गिऱ्हाइकाची चूक असली तर चारचौघांत सांगत.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही कुठलीही वायर लावताना माझा अंगठा आधी खाच शोधतो. पण मला ते आठवतात ते त्यांनी माझी एक चूक पोटात घातली म्हणून.

नव्व्याण्णवच्या नवरात्रात माझा दादा आठ वर्षांनी अमेरिकेहून आला. तो बाबांच्या मनाविरुद्ध गेला होता, आणि तेव्हापासून बाबा त्याच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. अष्टमीला तो दारात उभा राहिला तेव्हा बरोबर आलेल्या वहिनीने मागून डिजिटल कॅमेऱ्याने पटापट फोटो काढले. त्यात रोल नव्हता. काडेपेटीएवढं, पुठ्ठ्यासारखं पातळ एक मेमरी कार्ड होतं, फोटो सगळे त्याच्यावर.

दसऱ्याला आम्ही पाटावर बाबांचे पाने-पकडी, आईची विळी, माझा कीबोर्ड आणि दादाचा कॅमेरा मांडला. कार्ड दादाने बाहेर काढून शेजारी ठेवलं होतं. त्याच्या एका बाजूला सोन्यासारखा मुलामा होता. तीच शुभ बाजू, असं समजून मी तिच्यावर भिजवलेलं हळदकुंकू चांगलं ठसठशीत लावलं आणि पूजा झाल्यावर ओढणीने पुसून टाकलं. संध्याकाळी दादाने कार्ड कॅमेऱ्यात घातलं, तर कॅमेरा ते ओळखेचना. "गेलं हे. तिकडे नवीन घेईन," दादा म्हणाला. मी काय ते समजले आणि मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवशी दादा-वहिनी कॅमेरा घेऊन परत गेले. कार्ड फळीवर राहिलं.

त्यानंतर बाबा दर दोन दिवसांनी विचारू लागले, "तो दारातला फोटो आला का?" एकदा ते आईला हळूच म्हणाले, "मी त्याला जवळ घेतलं का गं? मला आठवतच नाही. नुसताच उभा राहिलो असेन तर?" आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. मी बॅगा घेऊन जिन्यात वहिनीच्या मागे होते, मलाही दिसलं नव्हतं. आणि दादाला फोन करून विचारणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. कार्ड घेऊन मी काकांकडे गेले.

त्यांनी कापसाला स्पिरिट लावून सोनेरी बाजू पुसली. कापूस पिवळा-लाल झाला. काकांनी कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता सगळ्या गाळ्यांना ऐकू जाणार, म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी कापूस टोपलीत टाकला.

"घरी सांग, ओल धरली होती," ते म्हणाले.

कार्ड साफ झालं, पण ते वाचायचं कशात? ठाण्यातल्या एका स्टुडिओत तसाच कॅमेरा असल्याचं कळलं. आम्ही दोघं गेलो. स्टुडिओवाल्याचं कार्ड दिसायला हुबेहूब, फक्त त्याचा कापलेला कोपरा डावीकडे आणि आमचा उजवीकडे.

"टेन्शन नाय मॅडम, दुसरा कोपरा थोडा घासतो, मस्त बसेल," असं म्हणत त्याने कानस काढलीसुद्धा. मी कार्ड पुढे करणार, तेवढ्यात काकांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"अरे, तुझा कॅमेरा पाच व्होल्टचा. हे तीनवर चालतं. तो कोपरा हेच सांगतोय. बसेल, आणि जळेल."

परतताना मला रडू फुटलं. काका म्हणाले, "आत फोटो आहेत. घाई केली नाही तर राहतील."

पुढे मानपाड्याच्या एका कारखान्यातून काकांनी एका दिवसाच्या बोलीवर एक डबी आणली. दिसायला फ्लॉपीच, पण तिच्या पोटात आमचं कार्ड बसत होतं, आणि कोपराही जुळत होता. डबी माझ्या कॉम्प्युटरात घातली. यंत्र घरघरलं आणि पडद्यावर प्रश्न आला. सवयीने माझं बोट एंटरकडे गेलं. काकांनी मनगट धरलं.

"आधी वाच!"

कॉम्प्युटर विचारत होता, फॉरमॅट करू का? म्हणजे सगळं पुसून टाकू का? डबीबरोबरच्या फ्लॉपीतला प्रोग्राम भरायचाच राहिला होता. तो भरला, पुन्हा डबी घातली आणि वरून खाली, एकेक पट्टी करत, आमचं दार उमटू लागलं.

छापलेला फोटो घेऊन काका माझ्याबरोबर घरी आले. बाबांनी तो खिडकीपाशी नेला. दादा पाठमोरा होता, आणि त्याच्या पाठीवर एक हात होता, पाची बोटं पसरलेली.

"हा हात माझाच ना?" बाबांनी विचारलं.

"तुमचाच की. घड्याळ बघा," काका म्हणाले.

बाबांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग फोटोकडे. मग स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी आईला जोरात हाक मारली.

"अगं, घेतलं होतं मी. घेतलं होतं त्याला जवळ."