मोडलेल्या खुब्याची नोकरी

निवृत्तीनंतर आमच्या ओळखीतल्या बायका भजनाला जातात. मी चेन्नईतल्या पेरुंगुडीला आजारी पडायला जाते. तिथे एका ऑफिसच्या इमारतीत घरी जाऊन रुग्णांची देखभाल करणाऱ्या नर्सेस तयार करणारं केंद्र आहे. हॉलच्या एका कोपऱ्यात त्यांनी खोटं घर मांडलंय. पलंग, टीपॉय, स्टीलचा तांब्या, मुरुगनचं कॅलेंडर. बाथरूमचं दारसुद्धा आहे, फक्त ते उघडलं की मागे भिंत आहे. त्या पलंगावर मी खुबा मोडलेली म्हातारी होऊन पडते आणि शिकायला आलेल्या बायका माझ्यावर हात साफ करतात.

हे काम मला दिलं तिथल्या मुख्य बाईंनी. त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या. मी नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी सांगलीहून इथे आले आणि इथलीच झाले. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात मी कुणाला तरी झापत होते, ते बघून त्या जवळ आल्या आणि त्यांच्या जुन्या, ठाशीव मराठीत म्हणाल्या, "तुम्हांस रागावण्यास शिकवावे लागणार नाही." मी ते कौतुक समजले.

हल्ली हॉस्पिटलं पेशंटला टाके वाळायच्या आत घरी धाडतात. पुढचं सगळं घरात करायचं, म्हणून वॉर्डात किंवा कारखान्यात वर्षं काढलेल्या नर्सेसना घरोघरी नर्स पुरवणाऱ्या कंपन्या इकडे पाठवतात. मला एक कागद मिळतो. त्यात माझं वय, औषधं, अमेरिकेतली मुलगी, सगळं लिहिलेलं. मी उठायला तयार नाही, हेही. परीक्षेच्या शेवटी मला एकच प्रश्न असतो: हिला पुन्हा तुमच्या घरात येऊ द्याल का? माझं 'नाही' आलं की ती बाई नापास.

इरुंगाट्टुकोट्टैहून एक बाई यायची, चाळिशीची. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याच्या दवाखान्यात ती नर्स होती. कारखान्यात यंत्रं वाढली, माणसं घटली, आणि दवाखाना बंद झाला. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. तीनदा परीक्षा द्यायची मुभा होती, त्यानंतर कंपनी तिची जागा दुसरीला देणार होती.

ड्रेसिंग ती फार सुरेख करायची. पट्टी कधी बांधून झाली ते कळायचं नाही. मग हातमोजे काढायची आणि म्हणायची, "सरि अम्मा, नींग पोलाम." म्हणजे, झालं, आता तुम्ही जाऊ शकता.

मी माझ्या घरात, माझ्या पलंगावर, खुबा मोडून पडलेली. पहिल्या वेळी मी उठून बसले आणि तमिळमध्येच विचारलं, कुठे जाऊ, रस्त्यावर? वर्ग हसला. ती हसली नाही. दुसऱ्या परीक्षेतही पट्टी बांधून झाली आणि तेच वाक्य तिच्या तोंडून निसटलं. दोन्ही वेळा मी 'नाही' म्हटलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मोडक्या माणसाला चालतं करणारी नर्स मला घरात नको होती.

दुसऱ्या परीक्षेनंतर ती खाली चहाच्या टपरीवर माझ्याच बाकावर येऊन बसली. माझ्यावर रागावलेली नव्हती, याचा मला थोडा रागच आला. म्हणाली, कारखान्यात जखमी माणूस आला की मागे सुपरवायझर उभा असायचा. पण कामावर परतायची घाई त्या माणसालाही असायची. पट्टी बारीक बांधा, वर हातमोजा चढला पाहिजे, असं जखमी कामगारच सांगायचे. चहा संपत आला तेव्हा ती म्हणाली, "त्यांना जायचं असायचं, अम्मा. मी जाऊ द्यायची. माझ्या हातात तेवढंच होतं."

मी तिला दुसरा चहा पाजला.

तिसऱ्या परीक्षेला कंपनीचा माणूस टॅबलेट घेऊन कोपऱ्यात बसला होता. मी नेहमीसारखीच खवट वागले. पाणी नको म्हणाले, वॉकर पायाने ढकलला. तिने पट्टी बांधली, हातमोजे काढले. "सरि अम्मा," ती म्हणाली आणि तिचे ओठ पुढच्या शब्दासाठी हलले. मी माझं 'नाही' तयार ठेवलं. ती थांबली. खुर्ची ओढून पलंगाशी बसली.

"अम्मा, एंग पोगणुम्?"

कुठे जायचंय? माझ्या कागदात याचं उत्तर नव्हतं. देवळात म्हटलं असतं तरी चाललं असतं, कुठलीही म्हातारी तेच म्हणते. पण नवरा गेल्यापासून आमच्याकडे भाजी फोनवर मागवतात. सून मागवते, पिशवी दाराशी येऊन पडते, आणि भाजीसाठी मी गेटपर्यंत उतरायचं काही कारणच उरलेलं नाही.

"खाली," मी म्हणाले. "गेटपर्यंत. भाजीवाल्याशी भांडायला."

चारचौघांत हे बोलून गेले याची मला लाज वाटली आणि चीडही आली. तिने पाठीवर हात फिरवला नाही, शाबासकी दिली नाही. तिने विचारलं, तो काटा मारतो का? मी म्हटलं, नेहमीच. मग तो जायच्या आत उतरायला हवं, असं म्हणून तिने वॉकर पुढे आणला. आणि कागदात नसताना मी उठून उभी राहिले.

कंपनीच्या माणसाने हरकत घेतली. पेशंटने कागद सोडला, परीक्षा धरता येणार नाही. मी त्याला म्हटलं, कागदात ते नाही कारण आजवर कुणी विचारलंच नाही. मुख्य बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. शेवटी त्याने मला माझा प्रश्न विचारला.

"येऊ दे," मी म्हणाले.

ती आता एन्नोरला एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे असते असं कळलं. माझी तिची भेट नाही. कधी कधी तिची फार आठवण येते.

पुढच्या तुकडीला माझा कागद नवा आला. त्यात एक ओळ वाढली होती: रुग्णाची इच्छा, गेटपर्यंत जाऊन भाजीवाल्याशी भांडणे. शिकणाऱ्यांनाही सांगितलं गेलं की ड्रेसिंग झालं की खुर्ची ओढून बसा आणि विचारा. आता सगळ्याच विचारतात. हातमोजे निघतात, खुर्ची सरकते, "एंग पोगणुम्, अम्मा?" मी सांगते, गेटपर्यंत, भाजीवाल्याशी भांडायला. त्या 'व्हेरी गुड' म्हणतात आणि वॉकर आणतात. मी 'येऊ दे' म्हणते. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नसतं.

फक्त उठण्याआधी मी जराशी थांबते. तो काटा मारतो का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.