हत्तीच्या कागदाची खालची ओळ

बाईजाला जावेच्या साडीचा, दुभत्या म्हशीचा, पोराबाळांचा कधी हेवा वाटला नाही. खोटं कशाला बोला, वाटला थोडा. पण तो गिळता आला. अठ्ठ्याण्णव साली मात्र या जावेचं, धोंडूबाईचं, नाव किन्हवलीच्या वाचनालयात काचेखाली लागलं आणि तो घास काही बाईजाच्या घशाखाली उतरेना.

त्याचं असं झालं. वाचनालयाचे महिपत गुरुजी गावोगाव फिरून जुने छापील कागद मागत होते. लग्नपत्रिका, जत्रेतली हँडबिलं, तंबूतल्या सिनेमाची तिकिटं. लोक हे फेकून देतात म्हणूनच जपायचं, असं त्यांचं म्हणणं. शेणव्याच्या या दोघी सख्ख्या जावा, घरं भिंतीला भिंत लागून. दोघींचे नवरे तरुणपणी बैल बघायला म्हसा गावच्या जत्रेला जायचे आणि येताना बांगड्यांबरोबर रंगीत हँडबिलं आणायचे. धोंडूबाईनं आपली चुलीवरच्या तारेला ओवली. बाईजानं ट्रंकेच्या तळाशी अंथरली. वाचता दोघींनाही येत नव्हतं. गुरुजी आले त्या दिवशी बाईजा नेमकी सापगावला, माहेरी. धोंडूबाईनं तार उतरवून दिली.

बाईजा नातीला, सारिकाला, घेऊन एस्टीनं बघायला गेली. धुरानं काळे पडलेले कागद, मधोमध तारेचं भोक, खाली चिठ्ठी.

"काय लिवलंय गो?"

"'धोंडूबाई, शेणवा यांजकडून.'"

"या काजळीला काच लावलीय? मंग माझे कागद बघून गुरुजी काय करतील?"

घरी येऊन तिनं ट्रंक उपसली. सगळ्यात देखणा गुलाबी कागद निवडला. सर्कशीचा, सोंड वर केलेला हत्ती असलेला. कडा तेवढ्या कसरीनं खाल्ल्या होत्या. तिनं कात्री घेऊन चारी बाजू सरळ केल्या. खाली बारीक अक्षरांची एक ओळ होती, मुंग्यांच्या रांगेसारखी. तीही गेली. कातरण चुलीत टाकलं.

गुरुजींनी कागद उलटासुलटा केला. "बाईजाबाय, खालची ओळ कुठाय?"

"ती बारीक? कापली. चांगली दिसत नवती."

"अहो, छापखान्याचं नाव आणि साल त्याच ओळीत असतं. आता हा कागद कधीचा म्हणून सांगू मी लोकांना?" तिचं तोंड उतरलेलं बघून ते म्हणाले, "असाच दुसरा अख्खा कागद मिळाला, तर त्यावरून साल लिहू."

दुसरा कुठं होता ते बाईजाला पक्कं ठाऊक होतं. धोंडूबाईच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी आणलेला तसाच हत्ती. नवरा गेल्यापासून तो कागद ती कुणाच्या हाती देत नव्हती. गुरुजींना तार देतानाही तेवढा काढून ठेवला होता.

चार दिवस बाईजानं जावेचं दार नुसतं लांबून बघितलं. पाचव्या दिवशी गेली.

"बाय, तुझा हत्तीवाला कागद हाय ना?"

"हाय की. का गो?"

"असंच."

"तू असंच इचारणारी नाय. चाळीस वर्सं वळखते तुला. बोल."

बाईजानं कात्रीपासून सगळं सांगितलं. धोंडूबाई पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"आगो, हत्तीची हजामत केलीस तू."

"हसून झालं असंल तर सांग, देतेस का नाय?"

"देत नाय. मीच घेऊन येते."

आणि आली. वाचनालयातही कागद हातातून सोडला नाही. गुरुजींनी वाकून तिच्या हातातच साल वाचलं आणि चिठ्ठी लिहिली. हत्ती काचेखाली गेला. बाईजानं सारिकाला पुढं ढकललं.

"'बाईजा, शेणवा यांजकडून. साल धोंडूबाई यांच्या प्रतीवरून.'"

"परत वाच."

परत वाचूनही दुसरं नाव काही गळलं नाही.

एस्टीत धोंडूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझं नाव दोनदा लागलं गो."

बाईजानं तिकिटं सगळ्यांची काढली आणि उतरल्यावर तशीच कमरेला खोचली.

घरी येऊन तिनं ट्रंकेतले उरलेले कागद एकेक करून तारेला ओवले, शेवटी ती एस्टीची तिकिटंही, आणि तार नेमकी चुलीवर टांगली.

"आजी, काळे होतील ना सगळे," सारिका म्हणाली.

"होऊ दे," म्हणत बाईजानं चुलीत एक ओलं लाकूड सारलं.