देरा ते शिंदगा: पाट्या नसलेल्या इतिहासाची पायवाट

"हबीबती, ये सवाल हमारे घर में नहीं पूछते." क्लिनिकच्या रिसेप्शनवर माझ्या शेजारी बसणाऱ्या मरियमचं हे वाक्य. चौदा वर्षं झाली. नवी होते, ओळख वाढवायची म्हणून आपल्या सवयीने विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" तिचा जन्म दुबईचा, पणजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणलेली, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. ती माझ्याशी नेहमीच छान वागली, पण घरी मात्र कधी बोलावलं नाही.

परवाच्या शनिवारी लेकीला, रियाला, घेऊन त्या माणसांच्या वाटेने चालायचं ठरवलं. तयार नकाशा मिळाला नाही. या ब्लॉगसाठी वाचून वाचून वहीत मीच काढला.

आमच्या शारजातल्या अल मजाजहून दुबईच्या युनियन स्थानकाची बस, माणशी बारा दिरहम, म्हणजे तीनशेच्या आसपास रुपये. तिथून चालत देऱ्याचा धक्का. लाकडी गलबतं अजून इथेच लागतात. मसाल्याच्या पोत्यांसारखी माणसंही कधी अशाच गलबतांतून उतरली. त्यांतल्या कितीकांनी मालकासाठी मोती काढले, नाकाला चिमटा लावून, एका दमात समुद्राच्या तळापर्यंत. मी मुरूडची. सिद्दींचा जंजिरा बघत वाढले, पण ते कुठून आले हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

माणशी एक दिरहम देऊन होडीतून खाडीपलीकडे गेलो. करक चहा घेतला आणि खाडीच्या कडेने शिंदग्याच्या जुन्या वस्तीत. थंडीतच जा आणि चारनंतर निघा, म्हणजे पाय पोळत नाहीत.

तिथल्या चौकात लेवा, आफ्रिकेतून या माणसांबरोबर आलेला नाच, चालू होता. मोठे ढोल, सनईसारखं वाद्य आणि गोल फिरणारी पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातली माणसं. पावलं इतकी सावकाश, इतकी डौलदार की मी वही मिटली. रिया कुजबुजली, "आई, यू आर स्टेअरिंग."

ढोल खाली ठेवून एक आजोबा बाकावर आमच्या शेजारी टेकले. मी कुठली ते त्यांनी विचारलं. मुरूड म्हटल्यावर हसले. "दुबई में तो सब मुंबई का है. तुम पहला सच बोला."

मग मला उलट प्रश्न सुचला. तोच. मी तो गिळला आणि गाण्याचा अर्थ विचारला.

"मालूम नहीं. दादी को मालूम था," ते म्हणाले. शब्द स्वाहिली आहेत, आजीने पाठ करून घेतले, आता नातवाकडून तेच घोटून घेतो, असं त्यांनी सांगितलं. आजीचं नाव विचारल्यावर मात्र उठले. घरातल्या बायकांची नावं परक्यांना सांगायची पद्धत नाही. "यल्ला, चलो," म्हणत त्यांनी ढोल उचलला.

घरी पोचेपर्यंत पाय भरून आले होते. रिया म्हणाली, "दॅट वॉज ॲक्चुअली नाइस." मला मात्र सारखं वाटत राहिलं, की चौदा वर्षांपूर्वी मी गाव विचारलं, माणूस विचारलाच नाही. म्हणून जेवण झाल्यावर मरियमला मेसेज लिहिला. पद्धत मला ठाऊक आहे, तिची नापसंतीही. तरी पाठवला:

"मरियम, त्या दिवशी चुकले. नाव ब्लॉगवर लिहिणार नाही, कुणाला सांगणार नाही. तुझ्या पणजीचं नाव मला सांगशील?"